खिशातला फ्यूज

गावात वायरमनला घरात कुठंही जाता येतं. पाव्हणा सोप्यात बसतो, सोयरा फार तर माजघरापर्यंत येतो. वायरमन मात्र चपला काढून थेट देवघरात, चुलीपाशी, माळ्यावर, जिथं बाकी कुणी जात नाही तिथं स्टूल लावून चढतो. कुणाच्या कणगीत ज्वारी किती उरलीय, कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेला कुलूप आहे, कुणाच्या घरची म्हातारी अंधाऱ्या खोलीत का झोपते, हे त्याला ठाऊक असतं आणि ते कुठं बोलायचं नसतं. मजुरी सुगीला मिळायची, कधी त्यातही उधारी राहायची. पण चहा न घेता कुठल्या घरातून बाहेर पडलो असं झालं नाही. लोक माझ्यावर भरवसा टाकायचे आणि मला वाटायचं, माणसाच्या कामाची खरी किंमत ती हीच.

तालुक्याच्या आयटीआयला दोन वर्षं काढली तरी काम शिकलो ते आमच्या आळीतल्या तात्यांच्या हाताखाली. माण तालुक्यातल्या त्या पाच-सात वाड्यांत त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तात्यांची एक सवय होती. काम सुरू करायच्या आधी मीटरपाशी जाऊन किटकॅट फ्यूज उपसायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. चिनी मातीचा तो पांढरा ठोकळा दिवसभर खिशात लोंबत राहायचा. मेन स्विच खाली केला की झालं, असं मी म्हणायचो. तात्या म्हणायचे, "स्विच खाली केला तर कुणीबी वर करतंय. पोरगं टीव्हीसाठी करंल, म्हातारी पंख्यासाठी करंल. त्यांचा काय दोष? म्या वर माळ्यावर हाय हे त्यांस्नी ठावंच न्हाई."

आठ वर्षं गावात काम केलं आणि मग कारखान्यात गेलो. का गेलो याला मोठं कारण नाही. पोरीच्या शाळेची फी सुगीची वाट बघत नाही. शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो.

लोकांना वाटतं, घरात २३० व्होल्ट आणि कारखान्यात ४१५, एवढाच काय तो फरक. ४१५ तर विहिरीवरच्या मोटारीलाही असतात, त्याचं मला नवल नव्हतं. नवल होतं ते बटणाचं. घरात बटण म्हणजे हुकूम. दाबलं की दिवा लागला. कारखान्यात बटण म्हणजे अर्ज. तो अर्ज कॉन्टॅक्टरपर्यंत पोचायच्या आधी त्यावर ओळीनं सह्या लागतात. ओव्हरलोड रिले ठीक आहे का, इमर्जन्सीचं लाल बटण कुणी दाबलंय का, हवेचं प्रेशर आहे का, गार्डचं दार लागलंय का. एकानं जरी नाही म्हटलं तरी मशीन चालत नाही. आणि यातली गोम अशी, की ती वायर मध्येच तुटली तर तेही 'नाही'च धरलं जातं. लाल बटणाचा कॉन्टॅक्ट एरवी जोडलेला असतो, दाबल्यावर तुटतो, तो याचसाठी. म्हणजे शंका आली की निकाल माणसाच्या बाजूनं लागणार, मशीनच्या नाही. हे ज्यानं पहिल्यांदा योजलं त्याच्याबद्दल मला अजून आदर वाटतो. तलाठी कार्यालयात असं असतं तर किती बरं झालं असतं.

आमच्याकडं शेतात याच्या उलट. चांगला स्टार्टर लाइट गेली की कॉन्टॅक्टर सोडून देतो, आणि लाइट परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. पण शेतीची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीची येते. दोन वाजता थंडीत, विंचूकाट्यातून विहिरीवर कोण जाणार? म्हणून लोक ऑटो बसवतात. लाइट आली की मोटार आपोआप चालू. लाइट गेलेली असताना पेटीत हात घातलेला माणूस असला तरी चालूच. अशानं माणसं गेलीत. पण ऑटो बसवणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. रात्रीची लाइट त्यानं मागून घेतलेली नसते.

कारखान्यात पहिल्या आठवड्यात मला एक लाल कुलूप दिलं. किल्ली एकच, ती माझ्याकडंच. पॅनलवर काम करायचं तर मेन बंद करून हॅन्डलला ते कुलूप घालायचं, नावाची चिठ्ठी अडकवायची. चौघं काम करत असतील तर चार कुलपं. एकानं आपलं काढलं नाही तोवर पॅनल चालू होणं शक्य नाही, मग तो जेवायला गेलेला का असेना. वर मेन बंद केल्यावरही मीटर लावून तिन्ही फेज बघायच्या. आणि मीटर चालतो का, हे त्याआधी चालू लाइनवर बघून घ्यायचं. मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह असेल तर आणखी थांबायचं, कारण बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये साडेपाचशेच्या आसपास व्होल्ट काही मिनिटं राहतात. कुठं पाच मिनिटं लिहिलेली असतात, कुठं पंधरा. घड्याळ बघत नुसतं उभं राहायचं. गावात बंद म्हणजे बंद असायचं. इथं बंदवरसुद्धा विश्वास नाही.

मला ते लागलं होतं. आठ वर्षं लोकांनी देवघरापर्यंत नेलं आणि इथं शेजारी उभा असलेला माणूस माझ्या शब्दावर हात घालायला तयार नाही. 'मी बंद केलंय' असं म्हटलं तरी तो आपलं कुलूप घालणारच. कितीतरी दिवस मी मनात म्हणत होतो, ही शहरातली रीत, माणसाला माणसाची ओळख नाही म्हणून लोखंडाचं कुलूप लागतं. मग एकदा कुलपाची किल्ली खिशात टाकताना तात्यांचा तो लोंबणारा खिसा आठवला. तात्यांचा त्या घरच्या पोरावर, म्हातारीवर भरवसा नव्हता का? जीव होता त्यांच्यावर. भरवसा नव्हता तो त्यांच्या आठवणीवर. प्रेम करणारा माणूससुद्धा विसरतो, गैरसमजानं स्विच वर करतो, आणि मग जन्मभर स्वतःला दोष देत बसतो. फ्यूज खिशात ठेवून तात्या स्वतःला वाचवत होते, आणि त्या पोरालाही.

इथवर आलो तेव्हा वाटलं, कोडं सुटलं. पण खरं अवघड पुढंच होतं.

एका रात्रपाळीला एका प्रेसवर दुसराच काही फॉल्ट शोधताना जंक्शन बॉक्स उघडला. गार्डच्या लिमिट स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना पिळून टेप मारलेला. म्हणजे गार्ड उघडा असो की बंद, अर्जावर सही कायम. कुठल्या शिफ्टनं केलं ते विचारण्यात अर्थ नव्हता. मी वायरी सोडवून स्विचला लावल्या. प्रेस चालू झाला आणि पंधरावीस नगांनंतर थांबला. पुन्हा चालू, पुन्हा थांबला.

ऑपरेटर बीडकडचा होता, ठेक्यावरचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. नावही मला ठाऊक नव्हतं. म्हणाला, "दादा, राहू द्या ना तसंच. महिनाभर चालतंय, काय झालं का?"

म्हणलं, "हात गेला म्हंजे?"

"हात माझाय ना? नग कमी पडले तर इन्सेंटिव्हबी माझाच जातो. तुमचं काय जातं?"

मी वायरी पुन्हा पिळल्या नाहीत. पण त्याच्या प्रश्नाला उत्तरही दिलं नाही, कारण खरंच माझं काही जात नव्हतं. माझा पगार महिन्याचा. माझ्या चांगुलपणाचं बिल तो भरत होता.

गावातही लोक असंच बोलायचे. आमच्या एका आक्कानं वॉशिंग मशीनच्या प्लगाची जाड पिन पक्कडीनं तोडून टाकली होती, दोन पिनांच्या सॉकेटात बसत नाही म्हणून. अर्थिंग कर म्हणलं तर "घर माझं हाय, तुला काय करायचंय?" तिला मी दटावू शकलो. "आक्के, तुझ्या हातची भाकरी खाल्लीय, गप बस," म्हणून परड्यात स्वतः खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, पैसे सुगीला घेतले. तिथं माझा हक्क होता. तिनं मला घरातला मानलं होतं, म्हणून मी तिच्या मनाविरुद्ध तिची काळजी करू शकलो. त्या ऑपरेटरचा मी कोण? त्याची भाकरी मी खाल्लेली नाही. माझ्यामागं होता तो फक्त नियम. आणि नियमाचं असं आहे की ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठीच तो असतो. ओळखीच्या माणसाला नियम लागत नाही, त्याला आक्कासारखं दटावता येतं. एवढं मला पटलंय. पण नियम दटावतो आणि निघून जातो, सुगीपर्यंत पैशाला थांबत नाही, हेही खरं आहे.

शेवटी बॅटरी घेऊन गार्डच्या खाली बसलो. बिजागरी झिजून दार बोटभर खाली आलं होतं. त्यामुळं स्विचचा दांडा पुरता दबत नव्हता, आणि प्रेसच्या हादऱ्यानं सुटायचा. म्हणजे मूळ दोष वायरी पिळणाऱ्याचाही नव्हता. बिजागरी बघणं मेंटेनन्सचं काम, आणि ते महिनाभर कुणी केलेलं नव्हतं. कुणी हौसेनं बायपास करत नाही. नीट बसवलेली गोष्ट सारखी आडवी आली की मगच माणूस तिला बाजूला सारतो, हे विहिरीवरच्या ऑटोलाही लागू आहे. स्टोअरला बिजागरी नव्हती. दुसरी यायला दोन दिवस लागले. तोवर दाराखाली पाचर मारून काम चालवलं; थांबणं कमी झालं, पण थांबायचंच.

शिफ्टच्या रजिस्टरमध्ये मशीन थांबल्याचं कारण लिहावं लागतं. 'ऑपरेटर' लिहिलं की जाब त्याला, 'मेंटेनन्स' लिहिलं की आम्हाला. तिन्ही रात्री मी मेंटेनन्स लिहिलं. साहेबांनी सकाळी बोलावून विचारलं, इतका वेळ कशात गेला? बिजागरीत, म्हणालो. त्यांनी सही केली. इन्सेंटिव्ह मात्र नगांवर निघत होता, रजिस्टरमधल्या कारणावर नाही, त्यामुळं त्या रात्रींचे त्याचे पैसे गेले ते गेलेच. नवी बिजागरी बसवली त्या रात्री त्यानं दार दोनदा उघडझाप करून बघितलं, स्विचचा टक आवाज ऐकला, आणि मला काही न बोलता नग लावायला लागला.