रूळ गेले, पूल राहिला

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी यवत, खुटबाव, केडगाव, पाटस अशी स्टेशने मागे टाकते, पण खिडकीतून एकही मोठा पूल दिसत नाही. मुळा-मुठा डावीकडे राहते, पुढे भीमाही तिकडेच. नदीच्या दक्षिणेकडून रूळ नेल्यामुळे इथे ओढ्यानाल्यांवरच्या मोऱ्यांवरच भागले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेने पुणे ते डिकसळ हा टप्पा डिसेंबर 1858 मध्ये सुरू केला. बोरघाटातला रेल्वेमार्ग तेव्हा अपुराच होता, तो 1863 मध्ये खुला झाला. म्हणजे मुंबईकडून येणारे सगळे जड सामान घाटरस्त्याने वर चढवूनच हा मार्ग झाला. डिकसळपुढे भीमा आडवी होती. ती ओलांडून 1860 मध्ये गाडी सोलापूरला पोचली.

या कामांच्या इतिहासात मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव ठळक आहे. घाटाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारले आणि पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवले, हेही नोंदलेले आहे. पण 1861 च्या सुमारास एकट्या बोरघाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. दगड घडवणारे, चुना मळणारे, पाट्या वाहणारे हे लोक आकड्यातच उरले. पूल उभे राहिले ते त्यांच्या हातांनी. आणि सगळे टिकलेही नाहीत: घाटातला महू-की-मळीचा पूल 1867 मध्ये कोसळला. इंग्रजी काळातले बांधकाम म्हणजे अभेद्य, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यायला हवी.

डिकसळजवळच्या भीमेवरच्या जुन्या पुलाची कथा वेगळी. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. धरणाच्या पाण्याच्या फुगवट्यामुळे रेल्वेमार्ग हलवावा लागला, रूळ निघाले आणि रेल्वेने सोडलेला पूल रस्त्याचा झाला. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतली गावे त्यानेच जोडली गेली. आगगाडीसाठी बांधलेल्या अरुंद पुलावरून शेतमाल, एसटी, शाळकरी मुले जाऊ लागली. रेल्वे कंपनीने तो कापूस आणि फौज हलवण्यासाठी बांधला. माणसांच्या रोजच्या गरजेला तो रूळ गेल्यावरच खऱ्या अर्थाने आला, असे म्हणायला हवे.

जुन्या पुलावर वाहनांचा भार लादत राहणे धोक्याचे आहे. महाडचा सावित्रीवरचा पूल 2016 मध्ये पुरात वाहून गेला, तेव्हा माणसांचे प्राण गेले. डिकसळलाही वाहतूक नव्या पुलावरूनच व्हायला हवी. मात्र जुना पाडू नये. त्याचे मोजमाप, छायाचित्रे आणि काठच्या वृद्धांच्या आठवणी दोन्ही तालुक्यांनी आताच नोंदवून ठेवाव्यात. खुटबाव-केडगावच्या शाळांनीही आपापल्या शिवारातल्या मोऱ्यांपासून हे काम सुरू करावे.