सब्र आणि आनंद

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलीचे वडील वारले. रिक्षा चालवायचे. कावीळ झाली, दुखणे अंगावर काढले आणि गेले. पाचव्या दिवशी मुलगी शाळेत आली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटले, "बेटी, सब्र कर." तिने नुसती मान हलवली. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर लंगडी खेळत होती. पडता पडता सावरली आणि खळखळून हसली. ते पाहून आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "बाप जाऊन आठवडा नाही झाला आणि हसणं बघा!" मीही मान डोलावली.

रात्री मला स्वतःचीच शरम वाटली. सकाळी मी तिला रडू नकोस असे सुचवले होते आणि दुपारी हसू नकोस असे. मग त्या पोरीने करायचे तरी काय?

आपल्या समाजात सब्र हा शब्द फार वापरला जातो. तो मोठा शब्द आहे, पण तोंडी राहून राहून त्याचा अर्थ "गप्प बस" एवढाच उरला आहे. शिवाय दुःखात माणूस आनंदी राहू शकतो का, राहिला तर ते गैर आहे का, या प्रश्नाकडे आपण वळतच नाही. ख्रिस्ती धर्मविचारात मात्र हा प्रश्न अगदी मध्यभागी आहे. तिथे श्रद्धावंताला संकटात सहन कर एवढेच सांगितलेले नाही, आनंद कर असेही सांगितले आहे. ही मागणी माणुसकीची आहे की निर्दय, हे तपासून पाहावेसे वाटले.

या शिकवणीचा एक मोठा आधार म्हणजे पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेले पत्र. पौलाची धर्ममते आपण मुसलमान मान्य करत नाही. तो वाद इथे नको. पत्र चार अध्यायांचे, लहानसे आहे. लिहिणारा कैदेत आहे, जगेल की मरेल याची त्याला खात्री नाही, आणि तरी आनंद हा शब्द त्या पत्रात पुन्हा पुन्हा येतो. पण दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. एक, त्याच पत्रात तो कबूल करतो की त्याचा एक सोबती मरणाच्या दारी जाऊन परत आला, आणि तो गेला असता तर आपल्यावर दुःखावर दुःख कोसळले असते. म्हणजे आनंदाचा उपदेश करणारा माणूस दुःख नाकारत नाही. दुसरी गोष्ट, हे पत्र बऱ्याच अंशी आभाराचे पत्र आहे. फिलिप्पैच्या लोकांनी कैदेतल्या माणसाला मदत पाठवली होती. त्या आनंदाच्या मागे कोणाचा तरी पाठवलेला हात होता.

आपल्या महाराष्ट्रात या शिकवणीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा. ऐन तरुण वयात दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. हातात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की धर्म स्वीकारल्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आपल्याला मनाचे समाधान लाभले नव्हते. नियम होते, प्रार्थना होती, आनंद नव्हता. मला ही कबुली फार मोलाची वाटते. आनंद हुकमाने येत नाही, धर्म बदलून लगेच येत नाही आणि नमाज किंवा प्रार्थना मोजून येत नाही, हे एका अत्यंत श्रद्धाळू बाईने सांगितले आहे.

तो आनंद लाभल्यावर रमाबाई हात जोडून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम शिकवले, छापखाना घातला आणि तिथे मुलीच काम करू लागल्या. अंध मुलींसाठी वेगळी सोय केली. दुष्काळ ही देवाची मर्जी आहे, तेव्हा आनंदाने मरा, असे त्यांनी एकाही मुलीला सांगितले नाही. आधी भाकर दिली, मग अक्षर दिले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, कानांनी अधू. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. हे हसऱ्या चेहऱ्याचे नाटक नव्हते. सगळे गमावूनही जगण्यावरचा हक्क न सोडणारी ती वृत्ती होती.

आता आपल्याकडे पाहू. हजरत याकूब (अ.) सब्राचे आदर्श मानले जातात, पण मुलाच्या विरहात रडून रडून त्यांचे डोळे गेले, हे कुरआनच सांगते. प्रेषित मुहंमद (स.) यांनी आपला चिमुकला मुलगा इब्राहीम गेला तेव्हा अश्रू ढाळले. म्हणजे सब्र म्हणजे न रडणे नव्हे. आणि सूरह मरयम आठवा. प्रसूतीच्या कळांनी मरयम खजुराच्या झाडाला टेकते आणि याआधीच मेले असते तर बरे झाले असते असे म्हणते. एवढी मोठी पवित्र स्त्री, आणि तिच्या तोंडी असे शब्द! अल्लाह तिला रागावत नाही. सब्राचे व्याख्यान देत नाही. तिच्या पायाशी पाणी वाहते, वरून ताजे खजूर पडतात, आणि मग तिला दुःख विसरून डोळ्यांना थंडावा मिळू दे असा दिलासा मिळतो. पाणी, खजूर आणि दिलासा तिला एकत्रच मिळतात.

ख्रिस्ती भावंडे ज्या मरियेला मानतात तीच ही मरयम. दोन धर्मांत अनेक गोष्टींवर एकमत नाही, पण इथे मला एकच धडा दिसतो. दुःखातला आनंद ही आतून येणारी देणगी आहे. तो मनुष्य स्वतःपुरता धरू शकतो, दुसऱ्यावर लादू शकत नाही. स्वतःला "आनंदी राहा" म्हणणे ही श्रद्धा आहे. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला तेच म्हणणे हा जुलूम आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, तलाक देऊन घराबाहेर काढलेल्या बाईला, फी न भरता आल्याने घरी बसलेल्या मुलाला आपण सब्राचे सल्ले देतो, तेव्हा आपण धर्म सांगत नसतो, स्वतःची सुटका करून घेत असतो.

दुसऱ्याला आनंद सांगायचा असेल तर आधी आपल्या हातात पाण्याचा पेला हवा.

त्या आठवड्यात मी त्या मुलीच्या घरी गेले. आई इद्दतीत होती. चार महिने दहा दिवस तिला बाहेर पडता येणार नव्हते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, तलाठ्याकडच्या खेपा, हे सगळे कोणी करायचे हा प्रश्न होता. मी आणि आमच्या शाळेतल्या आणखी दोघींनी ते वाटून घेतले. ज्या बाई मुलीच्या हसण्यावर बोलल्या होत्या, त्याही त्यात होत्या. मोठे काही केले असे नाही. पण सब्र कर हे वाक्य त्यानंतर आमच्यापैकी कोणीही उच्चारले नाही.

ती मुलगी कधी रडते, कधी हसते. परवा वर्गात कविता म्हणताना तिची ओळ चुकली आणि ती हसत सुटली. पुस्तक मिटून मीही तिच्याबरोबर हसले.