एप्रिलात निघालेल्यांना

पोट्टे हो, बसा खाली. मोबाईल आधी खिशात ठेवा.

थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम. चार देश सायकलने करायचे, परीक्षा संपली की एप्रिलात निघायचं, कारण तिथं गरम असतं आणि खाणं-राहणं स्वस्त पडतं. तुमचं सगळं ऐकून घेतलं. स्वस्ताईपलीकडे त्या चारांपैकी एकाही देशाबद्दल तुम्हाला काही सांगता आलं नाही. माझा राग त्याचा आहे.

"आम्ही विदर्भाचे, पंचेचाळीस डिग्री झेलतो," हे मला ऐकवू नका. भंडाऱ्याचं वैशाखातलं ऊन कोरडं. घाम वाळतो, म्हणून अंग निवतं. तिकडची एप्रिलची हवा दमट. घाम अंगावर तसाच राहतो आणि शरीर आतून तापत जातं. आपल्यापेक्षा कमी तापमानातही सायकल मारणारा माणूस तिथं कोसळतो. त्यात उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल रानं नि शेतं जाळतात. त्या धुरात तुम्ही डोंगर चढणार? मे लागला की पाऊस. सायकलवाल्यांचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तिकिटांचे दर पाहण्याआधी हे पाहायचं होतं.

आणि तो तंबू! लॉजचे पैसे वाचवायला रस्ता सोडून मिळेल तिथं तंबू ठोकू, असं तुमच्यातला एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. अरे, लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातले कित्येक फुटलेच नाहीत, अजून मातीत आहेत. शिएंगखुआंग प्रांतात नांगराखाली ते फुटतात. लेकरं चेंडू समजून उचलतात आणि हात गमावतात, जीव गमावतात. तिथला शेतकरी तुमच्या बापासारखाच धान पिकवतो, पण बांधीत कुदळ मारताना त्याच्या मनात धास्ती असते. त्या जमिनीत तुम्ही खुंट्या ठोकणार होता! कोक्याच्या जंगलात रात्री रस्ता सोडून उतराल का? नाही उतरणार, कारण तिथं वाघ आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मग लाओसची माहिती काढायला कोणी अडवलं होतं?

स्वस्ताईचंही ऐका. तिथं जेवण स्वस्त मिळतं ते रांधणारीची मजुरी कमी म्हणून. धानाला भाव पडला की घरी काय होतं, हे तुम्हाला मी शिकवायचं का? रोवणीच्या हंगामात चिखलात वाकलेली माय पाहत वाढलेली पोरं तुम्ही. तिथल्या एखाद्या म्हातारीशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करून त्याचा व्हिडिओ दाखवत फिरलात, तर माझ्या दारात येऊ नका.

वाहतुकीचा विचारही कोणी केला नव्हता. थायलंडमध्ये आपल्यासारखं डावीकडून चालायचं. मेकाँग ओलांडून लाओसमध्ये शिरलं की उजवीकडून, पुढे कंबोडिया-व्हिएतनाममध्येही तसंच. थकलेला माणूस वळणावर सवयीनं चुकीच्या बाजूला जातो आणि समोरून ट्रक येतो. प्रवासाचा विमा तुम्ही खर्च वाढतो म्हणून यादीतून खोडलात. लाओसमध्ये मोठी दुखापत झाली तर रुग्णाला सीमा ओलांडून थायलंडला न्यावं लागतं. ते पैसे कोण देणार, घरची जमीन?

१९२३ साली मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबमधली सहा पारशी पोरं सायकलवर जग फिरायला निघाली. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, हे तिघेच १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. तालमीत घडलेली शरीरं होती ती, तरी सहाचे तीन झाले. तुम्ही पाठीमागच्या पिशव्यांचा रंग ठरवलात. ट्यूब बाहेर काढून दाखवा म्हटलं, तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलंत. ओझं लादलेल्या सायकलचे आरे आधी मागच्या चाकाचे तुटतात, तेही चेनच्या बाजूचे. आरा बदलता येतो कोणाला?

जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा, पण दिवाळीनंतर. एप्रिलचं आज रद्द करा आणि आधी विमा काढा. रविवारी पहाटे सायकली सगळ्या सामानासकट इथं आणा. पवनीला जायचं, जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप पाहायचा आणि त्याच दिवशी ओझ्यासह परत यायचं. वाटेत कुठंतरी प्रत्येकाच्या मागच्या चाकातली हवा मी सोडणार आहे. पंप आणि पान्हे ज्याचे त्यानं आणावेत.