कर्जाचा कागद आणि एकादशी

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, अहिल्यानगरास लागून असलेल्या आपल्या नागापुरात कारखान्यांच्या पाळीची घाई आणि हरिपाठाचे टाळ शेजारी-शेजारी नांदतात. पगाराचा पैसा घामाचा, म्हणून मेथीच्या जुडीमागे पाच रुपयांची घासाघीस होते. त्यात वावगे काही नाही. रोज पाच वाचले तर वर्षाचे १,८२५ रुपये होतात. परंतु त्याच घरात लेकीच्या लग्नाला एक लाख रुपये ‘शेकडा तीन’ने उचलले, तर महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० रुपये नुसत्या व्याजात जातात. मुद्दल जागच्या जागी! पाच रुपयांसाठी आपण भांडतो, अन् छत्तीस हजारांच्या कागदावर मुकाट्याने सही करतो.

असे का व्हावे? हिशेब येत नाही म्हणून? छे! तीन हा आकडा लहान दिसतो आणि ‘लोक काय म्हणतील’ हे भय मोठे दिसते. मन एकाच पैशाला नाना नावे देते. पगार तो कष्टाचा, बोनस तो वरचा. बाजारातला रुपया जपायचा, मानपानातला उधळायचा. मनाच्या अशा निरनिराळ्या खात्यांचा अभ्यास करणारे अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संतांनी तर मनाच्या शहाणपणावर कधी भरवसाच ठेवला नाही. त्याला आवरा, असेच सांगितले.

तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. वाटणीत आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्यास शेतकरी सावकारांवर उठले. ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातही आले. लोकांना हवी होती ती खते; हाती लागली ती जाळली. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. बघा, देणाऱ्याने कागद पाण्यात सोडला, घेणाऱ्याने आगीत घातला. उरला तिसरा मार्ग, तो कागद होऊच न देण्याचा.

आजारपण, नापिकी आली तर कर्ज काढावे लागते. त्यात पाप नाही. आम्ही बोलतो ते हौसेच्या अन् मानाच्या कर्जाविषयी. त्यावरचे साधन वारकऱ्यापाशी आहेच. एकादशीला पोट मागते, आपण त्याला उद्याचा वायदा देतो. तोच नेम पैशाला लावा. असा कागद पुढे आला की मध्ये एक एकादशी जाऊ द्या. त्या रात्री घरची सगळी माणसे जवळ बसवा. लेकीलाही बसवा, लग्न तिचे आहे. महिन्याच्या तीनाचे वर्षाचे छत्तीस होतात, ते मोठ्याने सांगा. मग हरिपाठ म्हणा आणि द्वादशीला काय ते ठरवा.

मांडव लहान पडला तर पांडुरंग रुसत नाही. लेकीची पाठवणी करताना बापाच्या डोळ्यांत पाणी यावे ते मायेचे. व्याजाच्या धास्तीचे नसावे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!