संभूयसमुत्थान: उद्योगाचा आकार आणि स्वत्वाचा प्रश्न

उद्योग लहान असतो तोवर त्याचा मालक कोण, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. कारण कुंभाराची माती त्याची, चाक त्याचे, कष्ट त्याचे आणि आव्यात मडके फुटले तर नुकसानही त्याचेच असते. उद्योग वाढू लागला की हे चार धागे सुटे होतात: भांडवल एकाचे, साधने दुसऱ्याची, कष्ट तिसऱ्याचे आणि जोखीम पुष्कळदा ज्याच्या हाती निर्णय नाही त्याच्या माथी. म्हणून उद्योगाच्या आकाराचा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा राहत नाही. एखादी वस्तू ‘माझी’ आहे असे म्हणण्याचा अर्थ काय, या जुन्या तात्त्विक प्रश्नापाशी तो येऊन ठेपतो.

धर्मशास्त्रातील निबंधकारांनी या ‘माझे’पणाला ‘स्वत्व’ म्हटले आणि त्याची व्याख्या वस्तूचा यथेष्ट विनियोग करण्याची, म्हणजे ती हवी तशी वापरण्याची, विकण्याची वा देऊन टाकण्याची पात्रता अशी केली. या कल्पनेची मर्यादा मीमांसकांनी, म्हणजे वेदांतील विधींचा अर्थ लावणाऱ्यांनी, एका यज्ञाच्या निमित्ताने तपासली. विश्वजित यागात यजमानाने सर्वस्व दान करावयाचे असते. तेव्हा यजमान राजा असेल तर त्याने पृथ्वीही द्यावी काय, असा प्रश्न जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात येतो आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले जाते, कारण पृथ्वीशी सर्वांचे नाते सारखेच आहे. राजा रक्षण करतो म्हणून त्याला उत्पन्नाचा वाटा मिळतो, पण वाटा मिळणे वेगळे आणि वस्तू आपली असणे वेगळे. सत्ता, उपभोग आणि स्वत्व यांतील हा भेद कर्मकांडाच्या चर्चेत जन्मला असला, तरी आधुनिक उद्योगाचे कोडे उलगडण्यास त्याच्याइतके उपयोगी दुसरे साधन क्वचितच सापडेल.

मर्यादित जबाबदारीची कंपनी हे त्या कोड्याचे पहिले रूप आहे. कायदा कंपनीला तिच्या भागधारकांहून वेगळी अशी ‘व्यक्ती’ मानतो. इंग्लंडमध्ये हे तत्त्व 1897 साली एका चर्मव्यावसायिकाच्या खटल्यात पक्के झाले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1955 साली चहाच्या कंपन्यांच्या लाभांशावरील करासंबंधीच्या निकालात स्पष्ट केले की, भागधारकाला नफ्यात वाटा असतो, पण कंपनीच्या मालमत्तेत त्याचा हक्क नसतो. म्हणजे बोलीभाषेत ज्याला मालक म्हटले जाते तो कायद्याने मालक नाही, व्यवस्थापक पगारी आहे, कामगार तर नाहीच नाही. स्वत्व उरते ते ज्याला भूक, लाज वा मृत्यू नाही अशा एका कल्पित व्यक्तीकडे. भांडवल उभे करण्याची या रचनेची शक्ती अफाट आहे हे मान्य करावे लागते; परंतु तिच्यात ‘हे मी केले आणि त्याचा भार माझा’ असे म्हणणारा कोणी शोधूनही सापडत नाही, हा दोष किरकोळ नव्हे.

दुसरे रूप फ्रँचायझीचे. या पद्धतीत एखादा मोठा उद्योग स्वतः सर्व दुकाने न उघडता आपले नाव, कृती आणि व्यवसायाची रीत दुसऱ्याला वापरू देतो आणि त्याबदली प्रवेशशुल्क व विक्रीवर रॉयल्टी घेतो. जागेचे भाडे, यंत्रे, नोकरांचे पगार आणि तोटा हे सारे दुकानदाराचे. पाटीवरचे नाव मात्र दुसऱ्याचे. वरकरणी हा लहान उद्योजकांचा समूह दिसतो. पण स्वत्वाची व्याख्या लावून पाहिली तर दुकानदाराला पदार्थ, पाटी वा पुरवठादार बदलण्याची मुभा बहुधा नसते, करार संपल्यावर स्वतः जोडलेली गिऱ्हाइकेही त्या नावाच्या मागे जातात, म्हणजेच ज्याची जोखीम आहे त्याला यथेष्ट विनियोग नाही. नवख्याला तयार वाट मिळते हा लाभ खरा आहे, पण त्या वाटेची किंमत स्वत्वाने चुकवली जाते.

मोठे होण्याचा तिसरा मार्ग स्मृतिकारांना चांगलाच परिचित होता. मनू आणि नारद यांनी सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी, म्हणजे न्यायनिवाड्याच्या विषयांपैकी, ‘संभूयसमुत्थान’ हे एक आहे. अनेकांनी एकत्र येऊन केलेला उद्यम असा त्याचा अर्थ. नारदाने व्यापाऱ्यांचा नफा, तोटा आणि खर्च ज्याच्या-त्याच्या गुंतवणुकीच्या प्रमाणात ठरवला आहे. मनूचे उदाहरण मात्र बाजारातले नसून यज्ञमंडपातले आहे: सोळा ऋत्विजांमध्ये, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांमध्ये, दक्षिणा कशी वाटावी? टीकाकारांनी हिशोब मांडला तो असा की, शंभर गाईंपैकी चार मुख्य ऋत्विजांना 48, दुसऱ्या श्रेणीच्या चौघांना 24, तिसऱ्या श्रेणीला 16 आणि शेवटच्या चौघांना 12 गाई मिळाव्यात. वाटा समान नाही, आणि ज्या समाजाने बहुसंख्यांना यज्ञाच्या वेदीपासूनच दूर ठेवले त्याच्या न्यायबुद्धीचे सरसकट गोडवे गाणेही योग्य नाही. तरीही या हिशोबात एक गोष्ट निर्विवाद आहे: कर्मात ज्याचा हात लागला त्याचा फळात वाटा आहे, शेवटच्यालाही. याज्ञवल्क्याने हाच नियम ऋत्विजांसह शेतकरी आणि कारागीर यांनाही लागू केला, तेव्हा यज्ञाचा न्याय शेतात आणि कार्यशाळेत उतरला.

हा केवळ ग्रंथातला आदर्श नव्हता. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, 2000 कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण शेकडा पाऊण दराने कायम ठेव म्हणून ठेवले. मूळ रक्कम परत मागावयाची नव्हती. केवळ व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर खर्च चालावयाचा होता. एका राजपुरुषाला आपले दान चिरकाल टिकावे यासाठी माग चालवणाऱ्यांचा संघ भरवशाचा वाटला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. विणकर एका मालकाचे नोकर झाले नव्हते, तरी त्यांची संस्था मोठी होती.

आधुनिक महाराष्ट्रात या मार्गाचे सर्वांत निर्मळ उदाहरण पापडाचे आहे. 1959 साली मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेत आज 40,000 हून अधिक सभासद आहेत. भिजवलेले पीठ घरी नेऊन पापड लाटून आणणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक असते, आणि नफा-तोटा दोन्ही तिच्या वाट्याला येतात. अनेक शाखा, एक नाव, एक चव, हे सारे फ्रँचायझीसारखेच. फरक एवढाच की येथे नाव लाटणाऱ्या हातांचे आहे. धनिकाने आपली संपत्ती समाजाचा विश्वस्त म्हणून सांभाळावी, या गांधीजींच्या कल्पनेत धनिकाच्या सद्भावावर विसंबावे लागते. या रचनेत मालकी आधीच वाटलेली असल्याने तशी वेळ येत नाही.

साखरेची कथा इतकी सरळ नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, आणि ज्या शेतकऱ्याला एकट्याने गुऱ्हाळापलीकडे जाता आले नसते तो साखर कारखान्याचा भागधारक झाला. भाग कितीही असोत, मत एकच, या नियमाने त्याला मोठ्या बागायतदाराच्या शेजारी बसवले. ही मोठीच कमाई होती. परंतु स्वत्वाची रेषा उसाच्या बांधावर येऊन थांबली. दरवर्षी बीडसारख्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ धरून, मुकादमाकडून उचल घेऊन येणारे ऊसतोड कामगार याच उद्यमाचे कर्मी आहेत. त्यांनी तोडलेल्या उसावाचून गाळप सुरू होत नाही. शेवटच्या श्रेणीच्या ऋत्विजांना शंभरांतून 12 गाई मिळत होत्या. कारखान्याच्या सभासदांच्या यादीत कोयत्याचा वाटा अजून लिहिला गेलेला नाही.