आधी अर्ज, मग जमीन

चि. बाळूस,


तुझ्या छकुलीला रक्ताचा कर्करोग निघाला हे कळलं, आणि तू विहिरीजवळच्या दीड एकराला गिऱ्हाईक शोधतोयस हेही कळलं. ते आधी थांबव. उपचाराला मदत करणारे बहुतेक ट्रस्ट होऊन गेलेला खर्च भरून देत नाहीत. हॉस्पिटलने लिहून दिलेला खर्चाचा अंदाज पाहतात आणि चेक हॉस्पिटलच्याच नावाने काढतात. म्हणून अर्ज आधी, बिल नंतर.

मनमाडहून पंचवटी एक्स्प्रेस धर, दादरला उतर, परळचं टाटा हॉस्पिटल गाठ. फाईल काढताना ‘जनरल’ सांग. लवकर नंबर लागतो म्हणून कोणी ‘प्रायव्हेट’ सुचवेल. ऐकू नकोस, तिथे मदतीची वाट अरुंद होते. पहिल्याच दिवशी मेडिकल सोशल वर्करना भेट. रेशनकार्ड, आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मूळ रिपोर्ट, सगळं बरोबर ने. महात्मा फुले योजनेत काय बसतं, उरलेल्यासाठी कोणत्या संस्थेकडे जायचं, ते तेच सांगतील.

राहण्याचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. मुलांमधल्या या आजाराचे उपचार बहुधा दोन-तीन वर्षं चालतात, पहिले महिने सगळ्यात कठीण. केमोने पांढऱ्या पेशी उतरल्या की साधा संसर्गही जिवावर बेततो. फुटपाथ नको, आणि नातेवाइकांची दाटीची खोलीही नको. सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून बाहेरगावच्या अशा मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवून घेते. प्रत्येक कुटुंबाला वेगळी जागा, स्वयंपाकघर सामायिक. पण परस्पर गेलास तर जागा मिळायची नाही, हॉस्पिटलने पाठवावं लागतं. तिथे जागा नसेल तर परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

धर्मशाळा म्हटल्यावर दाजी तोंड वाकडं करतील. त्यांना म्हणावं, चांदवडला आलेल्या पाहुण्यांना ज्या अहिल्याबाईंचा रंगमहाल तुम्ही कौतुकाने दाखवता, त्यांनीच देशभर धर्मशाळा बांधल्या. तिथे उतरणाऱ्याला कोणी भिकारी म्हटलं नाही.

गल्लीतली पोरं वर्गणी काढायला निघालीत म्हणे. काढू देत. पण पैशांइतकंच मोठं काम दुसरं आहे. केमो चालू असताना छकुलीला प्लेटलेट्स लागू शकतात. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे पुढच्या महिन्याच्या आज जमवून ठेवता येत नाहीत. त्या द्यायला मुंबईला पाळीपाळीने कोण येऊ शकेल, त्यांची रक्तगट आणि फोन नंबरासह यादी करून घे, आणि एक प्रत मला पाठव.

तुझा,
मामा