माघारीची घोडदौड

‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखातली जुनी फिडलची धून. तिच्यामागची हकीकत वाजवणारे हौसेने सांगतात: नेपोलियनची हरलेली फौज, तिची जड पावले, दूरवरचे ढोल. हे सगळे एकट्या वाद्यावर उभे करायचे म्हणून फिडलच्या चारपैकी तीन तारा षड्जात आणि एक पंचमात लावतात. सैल केलेली जाड तार खाली सतत घुमत राहते. चालही बहुतेक जण संथ ठेवत, कूच करणाऱ्या पलटणीसारखी.

केंटकीच्या शेतकऱ्याला नेपोलियनचे काय एवढे, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर बहुधा आयर्लंडमध्ये आहे. १७९८च्या बंडाला मदत म्हणून फ्रेंच सैन्य मेयोच्या किनाऱ्यावर उतरले होते. इंग्रजांचा शत्रू म्हणून बोनापार्टबद्दल तिथल्या लोकगीतांत आपुलकी दिसते. ती गाणी स्थलांतरितांबरोबर समुद्र ओलांडून गेली. या धुनेचे नातेही एका जुन्या आयरिश कूचगीताशी असावे, असे काही अभ्यासकांना वाटते.

हकीकत सुरस आहे, पण या धुनेचे आज जगभर कानावर पडणारे रूप तिच्यातून उलगडत नाही. त्यात माघार नाही, चक्क घोडदौड आहे. हा बदल नेमका कुठून आला, हे सांगता येते.

१९३७च्या ऑक्टोबरमध्ये अवघ्या बावीस वर्षांचा अ‍ॅलन लोमॅक्स आणि त्याची पत्नी एलिझाबेथ काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी लोकसंगीताचे ध्वनिमुद्रण करत केंटकीतल्या सेलर्सव्हिल गावी पोहोचले. तिथे साठी ओलांडलेल्या विल्यम हॅमिल्टन स्टेप यांनी ही धून वाजवली. तारा तशाच लावलेल्या, लय मात्र दुप्पट चढवलेली. कूच संपून नाच सुरू झाला होता. जॉर्जियाच्या ए. ए. ग्रे यांची १९२४ची तबकडी आणि स्टेप यांची ही तबकडी लागोपाठ ऐकली, तर एका धुनेच्या दोन प्रकृती कळतात. लय वाढवली एवढेच म्हणणे अन्यायाचे होईल. गजाचे आघात बदलले की चालीचा स्वभाव बदलतो, आणि हा बदल कोणा अनामिक ‘लोकां’नी केलेला नाही.

पुढचे काम रूथ क्रॉफर्ड सीगर यांचे. या बाई आधुनिक संगीताच्या बिनीच्या रचनाकार. लोमॅक्स पितापुत्रांच्या १९४१च्या ‘अवर सिंगिंग कंट्री’ या संग्रहासाठी त्यांनी तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून स्वरलेखन केले. साधा सांगाडा लिहून त्या थांबल्या नाहीत. वादकाच्या बारीकसारीक लकबीही कागदावर याव्यात, हा त्यांचा आग्रह. त्यावर त्यांनी लिहिलेले विवेचन इतके लांबले की पुस्तकात मावले नाही. ते २००१मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास अर्ध्या शतकाने, स्वतंत्र छापले गेले. पुस्तकात धुनेचे नाव ‘बोनीपार्ट’, आणि तिच्याबरोबर वादकाचे नाव व गावही.

ॲरन कोपलंड यांनी १९४२च्या ‘रोडिओ’ या बॅलेतल्या ‘हो-डाउन’साठी हेच स्वरलेखन जवळजवळ जसेच्या तसे उचलले. वर ‘मॅक्लाउड्स रील’ची थोडी फोडणी. वाद्यमेळाची रचना कोपलंड यांची आणि ती झकास आहे, यात वाद नाही. मूळ धुनेचे नावही त्यांनी लपवले नाही. माणसाचे नाव मात्र गळले. १९७२मध्ये ‘इमर्सन, लेक अँड पामर’ या रॉक बँडने ‘हो-डाउन’ वाजवले, १९९२पासून ते बीफच्या जाहिरातींतून घराघरांत शिरले. सगळीकडे नाव कोपलंड यांचे.

इथे कायद्याची गंमत दिसते. परंपरेतली धून सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाही. तिची मांडणी करणारा मात्र तिचा मालक. मग स्टेप यांना मालकी द्यायची का? तेही पटत नाही. त्यांनीही ती कोणाकडून तरी घेतलेली. शिवाय धुनेला कुंपण घातले असते, तर त्यांचाच हात बांधला गेला असता. माझा आक्षेप कोपलंड यांनी घेण्याला नाहीच. कागदावर स्वर लिहिणारा कलावंत आणि गजाने बदल घडवणारा नुसता साठा, ही वाटणी मला मान्य नाही. स्टेप यांनी लयीचा जो निर्णय घेतला, तोच ‘हो-डाउन’चा प्राण आहे, तो काढला तर कोपलंड यांच्या हातात एक मंद कूचगीत उरते.

फिडलवाल्यांच्या बैठकीत हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. तिथे मालकी कोणी विचारत नाही, पण धून कोणाच्या वाजवण्यावरून घेतली ते सांगायची रीत आहे, आणि ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ अशी भरधाव वाजवणारा स्टेप यांचे नाव घेतो. तेवढेच वाद्यवृंदांनी करावे. कार्यक्रमपत्रिकेत ‘हो-डाउन’खाली एक ओळ वाढेल: धून विल्यम स्टेप यांच्या वादनावरून, स्वरलेखन रूथ क्रॉफर्ड सीगर. कोपलंड यांचे नाव वर आहे तिथेच राहील.